बुरशीचा वैरी

महाड-पोलादपूर पट्ट्यात पावसाळ्यात बुरशी कशाकशाला लागत नाही याची यादी करायची म्हटली, तर पोस्टकार्डाची मागची बाजू पुरेल. पापड, गादी, कातडी पट्टा, लग्नातला कोट, हार्मोनियमचा भाता, मुलाचं दहावीचं सर्टिफिकेट, देवघरातली कापसाची वात, सगळ्यावर आषाढात करडी-हिरवी लव धरते. पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. डोक्यावर महाबळेश्वर, तिथे त्याहूनही जास्त, आणि तिथला बराचसा सावित्रीतून आमच्याकडेच उतरतो. अशा मुलखात शहाणा माणूस बुरशीशी जमवून घेतो. कोटाला श्रावणातल्या उघडिपीत ऊन दाखवतो, पापड तळून संपवतो, सर्टिफिकेट फडक्याने पुसून पुन्हा ट्रंकेत ठेवतो. तात्यांनी मात्र नेमका असा धंदा काढला, की बुरशीचा एक बीजाणू आत शिरला तर महिन्याची मेहनत वाया.

तात्यांनी टिश्यू कल्चर काढलं. तेही स्टीव्हियाचं.

तात्या तुमच्या तालुक्यातही असणार, फक्त पीक वेगळं असेल. आमच्याकडचा माणूस पोटासाठी मुंबईला जातो, शिमग्याला आणि गणपतीला येतो, रिटायर झाला की कायमचा येऊन पडवीत बसतो. त्यातले काही मात्र बसत नाहीत. ते परतताना स्पायरल बाइंडिंग केलेला प्रकल्प अहवाल घेऊन येतात. वरती पारदर्शक प्लास्टिक, आत 'अपेक्षित उत्पन्न' नावाचा तक्ता, आणि त्या तक्त्यात तिसऱ्या वर्षी असा आकडा, की तो वाचताना आवाज आपोआप खाली येतो. कोणी व्हॅनिला केला, कोणी सफेद मुसळी, कोणी इमू पाळले. इमूवाल्याचे पक्षी शेवटी कुठे गेले हे गावात अजून कोणी विचारत नाही. तात्या स्वतःला या मंडळींत धरत नाहीत. "ते पिकाच्या मागे लागले," ते म्हणतात. "आपण प्रोसेसची माणसं."

यात तथ्य होतं. तात्या मुंबईला कधी गेलेच नव्हते. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पंचवीसेक वर्षं त्यांनी क्वालिटी कंट्रोलची लॅब सांभाळली. ब्युरेट, पिपेट, पीएच मीटर यांच्यात त्यांचा जन्म गेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचा पीएच काढल्यावर माणसाला आपला स्वतःचा काही माल असावा असं वाटणं साहजिक आहे. स्वेच्छानिवृत्ती मिळाली, हातात रक्कम आली, पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटाच्या अंगाला वाडवडिलांची डोंगरउताराची वरकस जमीन होती, महाडच्या जुन्या घराला माडी होती. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कोणी आंब्याची कलमं लावली असती. पण आंब्यात तात्यांना काही राम वाटेना. आंबा मातीत येतो, आणि माती म्हणजे, त्यांच्या भाषेत, अनकंट्रोल्ड.

स्टीव्हिया त्यांच्या आयुष्यात वर्तमानपत्रातून आली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्टीव्हियाच्या पानांतून काढलेला गोडवा खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी दिली. ते कात्रण तात्यांनी लॅमिनेट करून भिंतीवर लावलं, लक्ष्मीच्या कॅलेंडरच्या शेजारी. मग वाचन सुरू झालं. तात्यांच्या घरी आज गेलात तर पाण्याचा तांब्या येण्याआधी पराग्वे येतो. तिथले ग्वारानी लोक त्यांच्या माते नावाच्या कडू चहात हा पाला पूर्वापार कसा टाकत, मोझेस बर्टोनी नावाच्या स्विस माणसाने १८९९ मध्ये या झाडाची शास्त्रीय ओळख कशी करून दिली, १९३१ मध्ये फ्रान्सच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला स्टीव्हिओसाइड वेगळा कसा काढला, तो साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड कसा, जपानी लोकांनी १९७० नंतर त्याचा धंदा कसा उभा केला आणि २०१३ मध्ये कोका-कोलाने अर्जेंटिनात हिरव्या लेबलाची बाटली कशी काढली. बर्टोनीबद्दल तात्या अशा जिव्हाळ्याने बोलतात, की नवख्या माणसाला वाटावं हा गृहस्थ बिरवाडीला राहतो.

पराग्वे संपला की पान येतं. कुंडीतल्या झाडाचं, कडेला बारीक दाते असलेलं. "चावा. गिळू नका. थांबा." आपण थांबतो. पहिले दोन-तीन सेकंद नुसतं गवत. मग गोडी येते, आणि एकदा आली की येतच राहते. तात्या आपल्या तोंडाकडे लिटमस पेपरकडे बघावं तसं बघत असतात. गोडी ओसरताना जिभेच्या मागच्या बाजूला ज्येष्ठमधासारखं काहीतरी कडवट रेंगाळतं, आणि आपल्या भुवया जरा वर जातात. त्या भुवयांचीच तात्या वाट बघत असतात. "कडू लागलं ना? तो स्टीव्हिओसाइड. रेबॉडिओसाइड-ए वाढला की हे जातं. पुढच्या क्लोनमध्ये बघा तुम्ही."

पुढच्या क्लोनमध्ये सगळंच ठीक होणार असतं. एवढं बोलून तात्या एसटी स्टँडवर जाऊन तीन चमचे साखर घातलेला कटिंग पितात. विचारलंत तर म्हणतात, उत्पादकाने स्वतःचा माल खाऊ नये, हा धंद्याचा पहिला नियम.

आता टिश्यू कल्चरच का, हे विचारू नका. मी विचारलं आणि संध्याकाळ गेली. थोडक्यात असं: स्टीव्हियाचं बी फार बेभरवशाचं. उगवतं कमी, आणि उगवलं तरी प्रत्येक रोप गोडीला वेगळं निघतं. फांद्या छाटून कलमं करता येतात, बहुतेक शेतकरी तेच करतात, पण एका झाडाला फांद्या असून असून किती असणार? टिश्यू कल्चरमध्ये पेराचा सेंटीमीटरभर तुकडा बाटलीत ठेवला, की महिन्याभरात त्याला चार-पाच कोंब येतात, ते सुटे करून नव्या बाटल्यांत ठेवायचे, पुन्हा महिना. इथे तात्यांच्या खिशातून कॅल्क्युलेटर निघतो. एकाचे पाच, पाचाचे पंचवीस, आणि दहाव्या महिन्याला एका तुकड्यापासून ९७ लाख ६५ हजार ६२५ रोपं. आकडा बरोबर आहे, मी घरी येऊन ताडून पाहिला. एकरी तीस हजारांच्या हिशेबाने ही रोपं लावायला सव्वातीनशे एकर सपाट जमीन लागेल. पोलादपूर तालुक्यात तेवढी सपाट जमीन एका तुकड्यात निघाली, तर तिथे आधी विमानतळ होईल.

तात्यांचे आदर्श मात्र अस्सल आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बांबू बाटलीत फुलला होता. जो बांबू रानात फुलायला कित्येक दशकं घेतो, तो या लोकांनी काही महिन्यांत बाटलीत फुलवून दाखवला आणि १९९० मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. जळगावची केळी टिश्यू कल्चरच्या रोपांवर उभी आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची रोपं तशीच तयार होतात. "घाटावर होतं, मग आपल्याकडे का नाही?" हा तात्यांचा सवाल. दापोलीच्या कृषी विद्यापीठात कुठलंही चर्चासत्र असो, भाषण संपल्यावर पहिल्यांदा उभं राहणारे तात्याच. "एक छोटा प्रश्न आहे," असं म्हणून ते माइक हातात घेतात, आणि जेवणाची घंटा झाली तरी प्रश्न काही आलेला नसतो.

घाटावर का होतं आणि आपल्याकडे का नाही, याचं उत्तर वर पहिल्या परिच्छेदात आहे. बाटलीत जे माध्यम भरतात ते मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं. लिटरमागे अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १९००, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जीवनसत्त्वं, वर घट्टपणासाठी अगर, पीएच ५.८. आणि लिटरमागे तीस ग्रॅम साखर. बाटलीतल्या कोंबाला स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही, म्हणून त्याला आयतं गोडाचं जेवण द्यायचं. आता विचार करा: ऊब, ओल, साखर आणि जीवनसत्त्वं. असं ताट मांडल्यावर कोण येणार? कोंब महिन्याने वाढतो, बुरशी तिसऱ्या दिवशी पंगतीला हजर.

त्यातही तात्या शुद्ध सुक्रोज आणत नाहीत, बाजारातली साखर चालते असं त्यांनी सिद्ध केलं आहे, आणि ते खरंही आहे. महाडच्या बाजारपेठेतला त्यांचा किराणावाला दर महिन्याला हैराण होतो.

"तात्या, बोर्ड लावलाय 'साखरेला पर्याय', आणि दहा किलो साखर कशाला?"

"झाडाला."

"झाड बिनसाखरेचं ना तुमचं?"

"मोठं झाल्यावर. लहानपणी सगळ्यांना लागते."

किराणावाल्याने यावर बराच विचार केला, आणि उधारी बंद केली.

सुरुवातीला ऑटोक्लेव्ह नव्हता. माध्यम आणि बाटल्या निर्जंतुक करायच्या म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. तात्यांच्या लक्षात आलं की हा तर कुकर. काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, बारा लिटरचा कुकर माडीवर गेला. वरणाला तीन शिट्ट्या लागतात. तात्यांना वीस मिनिटं दाब हवा होता आणि शिट्टी मात्र नको होती. ते गॅसच्या नॉबवर हात ठेवून, कुकरकडे टक लावून बसत, आणि शिट्टी झालीच तर कुकरला, काकूंना आणि गॅस कंपनीला बोल लावत. पंधरा दिवसांनी कुकर खाली आला तेव्हा काकूंनी तो चिंचेने घासला, राखेने घासला, मग बोहारणीला देऊन टाकला. तात्यांना म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या पाल्याला मी सवत मानायला तयार आहे. पण सवतीची भांडी वेगळी हवीत." मग पुण्याहून खरा उभा ऑटोक्लेव्ह आला. लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेल्या हवेचं ते काचेचं कपाट, ग्रिलं आणि तिजोऱ्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलं. फिल्टर तेवढा विकतचा. चांगलं झालं कपाट, फक्त फॅब्रिकेटरने सवयीने त्याला कुलूप बसवलं.

लोकांचं काय झालं ते सांगायला हवं. एक माणूस भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या पोत्याने आणतो. मेडिकलमधून स्पिरिट आणतो. सकाळ-संध्याकाळ काहीतरी उकळतो. माडीवरचे दिवे दिवसाचे सोळा तास चालू असतात, पडदे बंद. खाली येतो तेव्हा डोळे लाल आणि एकदा तर अर्धी मिशी जळलेली (चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून दिव्यावर धरायचा असतो, तात्यांनी तो धरला आणि नीट दिसावं म्हणून वाकले). महाडला याचा जो अर्थ लागायचा तो लागला. एक हवालदार आला. जिना चढून वर गेला. रॅकवर शेकडो बाटल्या, प्रत्येकीत हिरवे कोंब.

"ह्यो गांजा तर न्हाय ना?"

तात्यांनी त्याला चपला काढायला लावल्या, टोपी घातली, तोंडाला मास्क बांधला आणि पराग्वेपासून सुरुवात केली. पाऊण तासाने हवालदार खाली आला. काकूंनी चहा विचारला तर म्हणाला, "नको वहिनी, तोंड गोड झालंय, पर कसं गोड झालंय ते कळंना." पुन्हा कोणी चौकशीला आलं नाही. पोलीस ठाण्यात काय रिपोर्ट गेला कोण जाणे, पण हवालदार त्यानंतर तात्यांना लांबूनच नमस्कार करतो.

ग्रोथ रूमचं तापमान पंचवीस अंश लागतं. महाडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पंचवीस अंश हा हिल स्टेशनचा आकडा आहे हे माहीत आहे. एसी बसला. ज्या घरात काकूंनी संसार एका करकरणाऱ्या पंख्याखाली केला, त्या घरात पाल्याला एसी. काकू काही बोलल्या नाहीत. एप्रिलच्या एका दुपारी त्यांनी उशी उचलली, निळी टोपी घातली, मास्क लावला आणि दोन रॅकच्या मधे चटई टाकून आडव्या झाल्या. तात्यांनी बीजाणूंवर व्याख्यान दिलं. काकू मास्कच्या आतून म्हणाल्या, "माझे बीजाणू तुम्हाला आत्ता दिसले होय?" तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारच्या नोंदीत तात्या 'रूममध्ये एक व्यक्ती' असं लिहितात. दिव्यांचा त्रास होऊ नये म्हणून काकू डोळ्यांवर पदर घेतात. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पात भांडवलावर परतावा फक्त त्यांनाच मिळाला.

बाटलीतून रोप बाहेर काढणं हा खरा कठीण भाग. बाटलीत वाढलेल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय नसते, पानावर मेणाचा थर नसतो, ऊन लागलं की तासाभरात मान टाकतं. मुळांचा अगर धुवायचा, कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावायचं, वर प्लास्टिक झाकायचं आणि दमट हवा दिवसादिवसाने कमी करत न्यायची. दमट हवा! तात्यांचे डोळे इथे चमकतात. "दुसऱ्यांना मिस्टिंगचे पंप बसवावे लागतात. आपल्याला पोलादपूर फुकट आहे." पहिली तीन-चार हजार रोपं त्यांनी टेम्पोतून घाटाच्या पायथ्याच्या शेतावर नेली, प्रत्येक ट्रे मांडीवर घेतल्यागत जपत. फेब्रुवारीत गादीवाफ्यांवर लावली. मेपर्यंत शेत असं दिसत होतं की मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं पान चावायला रांग लावत होती. वानरंही एक दिवस आली, पानं तोडली, चावली, एकमेकांकडे बघितलं आणि निघून गेली. तात्यांनी याला बाजारपेठेचा पहिला सर्व्हे म्हटलं. पुढे जे झालं ते पाहता म्हणायला हवं की सर्व्हे बिनचूक होता.

जूनमध्ये पाऊस आला. स्टीव्हियाला ओल आवडते, पण पायाशी पाणी साचलेलं खपत नाही. तात्यांनी चर खणले. जुलैत चरांचे ओहोळ झाले. रात्री रानडुकरं वाफे उकरून गेली, त्यांना गोडीशी घेणं नव्हतं, गांडुळांशी होतं. जी रोपं वाचली त्यांना दिवस लहान व्हायला लागताच फुलं येऊ लागली. हे झाड दिवसाची लांबी मोजतं, बारा-तेरा तासांखाली दिवस गेला की फुलावर येतं, आणि फुलावर आलं की पानातली गोडी उतरते. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा. म्हणजे हे झाड आमच्याकडे आल्यापासून फुलायला टपलेलंच. वाडीतल्या बायका मजुरीवर कळ्या खुडायला लावल्या. त्यांना ते पटेना. "तात्या, फुलं लागली तर शेतकरी नारळ वाढवतो, तुम्ही खुडून टाकताय. देवाला तरी घालू द्या." पांढरी, बारीक, बिनवासाची फुलं. गावदेवीला वाहिली गेली. वाहणाऱ्या बाईने तात्यांना सांगितलं, "देवीनं कौल दिला न्हाय."

जेवढा पाला निघाला तो सावलीत वाळवून पोत्यांत भरला. परतखरेदीचा करार करणारी जी कंपनी होती तिचा फोन आधी एंगेज लागायचा, मग स्विच ऑफ, मग एक दिवस एका लहान मुलीने उचलला आणि तिला खरंच काही माहीत नव्हतं. जगातली बहुतेक स्टीव्हिया चीनमध्ये पिकते, आणि शीतपेयवाल्यांना पाला नको असतो, त्यातली शुद्ध पांढरी पूड हवी असते, हे तात्यांच्या अहवालातल्या तक्त्यात कुठेच नव्हतं. पोती माडीवर राहिली. स्टीव्हिओसाइडवर सूक्ष्मजंतू जगू शकत नाहीत असं तात्यांनी वाचलं होतं. पुढच्या आषाढात पोती उघडली तेव्हा कळलं की बुरशीने ते वाचलं नव्हतं.

तरी तात्या थांबले नाहीत. त्यांची गंमत हीच आहे, की नुकसान शेतात झालं आणि शेत हे त्यांच्या दृष्टीने त्यांचं खातंच नव्हतं. बाटलीत रोपं होत होती ना? झालं तर मग. रजिस्टर चालू राहिलं. बॅच क्रमांक, तारीख, बाटल्या, कंटॅमिनेशनचं प्रमाण, कारण. त्यातली एक नोंद महाडात आता प्रसिद्ध आहे.

२२ जुलै २०२१. महाडकर हा पूर विसरणार नाहीत. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, आणि त्या दिवसाबद्दल इथे कोणी हसत बोलत नाही. पण तात्यांच्या माडीवर ज्यांनी ती रात्र काढली तेच ही गोष्ट सांगतात, म्हणून मीही सांगतो. पाणी चढायला लागलं, तळमजले बुडाले, तात्यांच्या आळीतली माणसं मिळेल त्या जिन्याने वर चढली. तात्यांच्या दारात पंधरा-वीस माणसं, भिजलेली, कडेवर पोरं. तात्या टॉर्च घेऊन उभे.

"चपला खाली काढा."

"तात्या, खाली पाणी आहे."

तात्यांनी टॉर्च खाली मारला. जिन्याच्या सहाव्या पायरीवर पाणी हलत होतं. "बरं, मग हातात धरा. पण टोपी घाला."

सगळ्यांनी टोप्या घातल्या. काकूंनी चहा केला, बाटल्यांसाठी आणलेली दहा किलो साखर त्या रात्री माणसांनी संपवली. रॅकच्या मधे निळ्या टोप्या घालून आळी बसली होती, आणि एक आजी, मधुमेहाच्या, तिथेच एका बाटलीचं झाकण उघडून त्यातलं रोप चघळत होत्या. तात्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. दिवस गेले तरी वीज आली नाही. एसी नाही, दिवे नाहीत, श्वास वीस माणसांचे. पाणी ओसरलं तेव्हा प्रत्येक बाटलीत बुरशी होती. रजिस्टरमध्ये तात्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'बॅच ४१. कंटॅमिनेशन शंभर टक्के. कारण: शेजारी.' काकूंनी ते वाचलं, 'शेजारी' खोडून 'पूर' लिहिलं, आणि खाली स्वतःची सही केली. मी पाहिलं आहे ते पान.

त्या पुराने गावातले बरेच हिशेब बदलले. तात्यांचा बदलला तो असा, की ज्यांनी ती रात्र बाटल्यांत काढली त्यांना तात्या नेमकं काय करतात ते एकदाचं समजलं. पराग्वे कोणाच्या ध्यानात राहिला नाही. एवढंच राहिलं की या माणसाकडे एक यंत्र आहे, त्यातून निघालेल्या बाटलीत बुरशी धरत नाही. पुढच्या मे महिन्यात, आगोटीच्या दिवसांत, समोरच्या आळीतली एक वहिनी दोन रिकाम्या बरण्या घेऊन आली. पावसाळ्याची बेगमी करायची होती, मागच्या वर्षीचं लोणचं गौरीपर्यंतही टिकलं नव्हतं. तात्यांनी आधी नकार दिला. ऑटोक्लेव्ह हे शास्त्रीय उपकरण आहे, वगैरे. मग बरणी हातात घेतली, उजेडात धरून बघितली, आणि म्हणाले, "झाकणाची सील बदलावी लागेल."

ते लोणचं दिवाळीला काढलं तेव्हा वर एक ठिपका नव्हता.

आता अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत तात्यांच्या जिन्यावर बरण्यांची रांग असते. काचेच्या, चिनी मातीच्या, हॉर्लिक्सच्या. पोलादपूरहून एसटीने बरण्या येतात, पिशवीवर नाव लिहून, कंडक्टरच्या हाती. पैसे तात्या घेत नाहीत. मात्र टोपी घालावी लागते, नखं दाखवावी लागतात, मिठाची पुडी त्यांच्यासमोर भाजून घ्यावी लागते. परवा मी गेलो तेव्हा वाडीवरची तीच ती बाई समोर बसली होती, जिच्या देवीने कौल दिला नव्हता. तात्या रजिस्टर उघडून बसले होते.

"एक्सप्लांट?"

"आं?"

"कैरी कुठली?"

"रायवळ. दारातली."

तात्यांनी लिहिलं: रायवळ. "माध्यम? म्हणजे मसाला."

"मोहरी, मेथी, हिंग, हळद, मीठ, गोडंतेल."

"पीएच?"

"त्यो तुम्हीच टाका तुमच्या मनानं."

"फोडी केल्या ती विळी निर्जंतुक केली होती?"

"चुलीवर धरली व्हती. तुम्हीच तर म्हनाला व्हतात."

तात्यांनी मान वर केली. बाईकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने त्यांनी दापोलीच्या कुठल्या प्राध्यापकाकडेही पाहिलं नसेल. बरणी ऑटोक्लेव्हमध्ये गेली, काटा १५ वर आला, काकूंनी आतूनच विचारलं की अजून किती वेळ, त्यांना झोपायचं आहे. वीस मिनिटांनी तात्यांनी चिमट्याने झाकण लावलं, लेबल चिकटवलं, बॅच क्रमांक घातला.

"गौरीच्या आधी कंटॅमिनेशन रिपोर्ट आणून द्यायचा."

"म्हंजे नक्की काय आनू?"

"लोणचं," काकू आतून म्हणाल्या. "वाटीभर."